घट्ट खडकातल्या तेलामागे पाणी सोडताना: प्रवाहाच्या मॉडेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच मुलं मेकॅनिकल, सिव्हिल किंवा केमिकल करून तेलक्षेत्रात शिरतात. दहावीपर्यंत मराठी, पुढं सगळं इंग्रजीत आणि बाजारात कन्नड, पण घट्ट खडकात तेल-पाणी कसं वाहतं याचं संगणकी मॉडेल करताना शंका मात्र मराठीतच येतात. आणि त्याच त्या येतात. म्हणून त्या इथं एकत्र केल्या आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडं सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वॉटरफ्लडिंग म्हणजे नेमकं काय? पाणी खाली सोडल्यावर तेल वर कसं येतं?

विहीर खोदली की सुरुवातीला तेल स्वतःच्या दाबावर वर येतं. दाब उतरला की उत्पादन बसतं, पण खडकात तेल भरपूर शिल्लक असतं. मग काही विहिरींतून पाणी आत ढकलायचं. त्यानं दाब टिकतो आणि पाणी तेलाला शेजारच्या उत्पादन-विहिरीकडं रेटतं. ही युक्ती कुणी मुद्दाम शोधली नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पिटहोल भागात १८६५ च्या सुमारास वरच्या थरातलं पाणी चुकून विहिरीतून तेलाच्या थरात शिरलं आणि आसपासच्या विहिरींचं तेल वाढलं. तिथल्या कायद्यानं मात्र या पद्धतीला १९२१ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडं मुंबई हायमध्ये ऐंशीच्या दशकापासून समुद्राचं पाणी शुद्ध करून खडकात भरतात.

२. ‘टाइट’ म्हणजे किती घट्ट?

ढोबळ रेघ ०.१ मिलिडार्सीची. खडकाची पार्यता, म्हणजे पर्मिएबिलिटी, द्रव त्यातून किती सहज जातो याचं माप, याहून कमी असेल तर त्याला टाइट म्हणतात; मिलिडार्सी हे तिचं एकक. आकडा अंगात भिनायला एक हिशेब करा. अडीच सेंटिमीटर व्यासाचा, पाच सेंटिमीटर लांबीचा खडकाचा तुकडा घ्या. पार्यता ०.०५ मिलिडार्सी. दोन टोकांत १० वातावरणांइतका दाबफरक देऊन पाणी सोडलं तर तासाला जेमतेम पावणेदोन मिलिलिटर निघेल. तोच तुकडा २०० मिलिडार्सीच्या चांगल्या वालुकाश्माचा असता तर सेकंदाला जवळपास दोन मिलिलिटर निघालं असतं. फरक चार हजारपट.

आणि हे प्रयोगशाळेत. तिथं पाच सेंटिमीटरवर १० वातावरणं लावता येतात. जमिनीत असा उतार फक्त विहिरीच्या अगदी अंगाला मिळतो.

३. आपल्या भागात तेल सापडेल का?

नाही. बेळगावच्या आसपास दख्खनचा बेसॉल्ट आहे, म्हणजे लाव्हा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो कलादगी गटाचा क्वार्टझाइट, अब्जाहून जास्त वर्षं जुना. दक्षिणेकडं धारवाडचे त्याहून जुने खडक. तेलाला सेंद्रिय गाळ लागतो, तो योग्य खोलीला योग्य तापमानात शिजावा लागतो, वर झाकण लागतं. शिकायचं इथं, काम करायचं बाडमेर, खंबात किंवा आसामात, असाच हा धंदा आहे.

४. मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात काम केलंय. पाइपातला फ्लो येतो. इथं वेगळं काय?

दोन गोष्टी. पाइपात जागा एकसंध असते. खडकात कोट्यवधी वाकड्यातिकड्या छिद्रांची जाळी असते, त्यामुळं एकेका छिद्राचा हिशेब न करता सरासरी नियम वापरतात. हेन्री डार्सीनं फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग करून तो १८५६ मध्ये मांडला: वेग हा दाबाच्या उताराच्या आणि पार्यतेच्या प्रमाणात, व्हिस्कॉसिटीच्या, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाच्या, व्यस्त प्रमाणात.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. तेल आणि पाणी एकाच छिद्रजाळीत एकमेकांच्या वाटेत येतात. खडकात अर्धं पाणी भरलं म्हणून पाण्याला निम्मी पार्यता मिळते असं नाही, बऱ्याचदा ती दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. दोघांच्या वाट्यांची बेरीज एकाला पोचत नाही. याला सापेक्ष पार्यता म्हणतात आणि तिचा आलेख प्रयोगातूनच काढावा लागतो. घट्ट खडकात हा प्रयोग आठवडे चालतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच साठ्याचा आलेख उसना आणलेला असतो. रिपोर्ट हातात आला की आधी ते पान उघडा.

५. मॉडेलमध्ये समीकरणं किती आणि कोणती?

मोजकीच आहेत. पाण्याच्या वस्तुमानाचा हिशेब, तेलाच्या वस्तुमानाचा हिशेब, दोघांसाठी एकेक डार्सीचा नियम, दोघांच्या सॅच्युरेशनची (छिद्रांतली किती जागा कुणी व्यापली त्या हिश्श्याची) बेरीज एक, आणि तेलाचा दाब वजा पाण्याचा दाब म्हणजे केशिक दाब, बारीक छिद्रांत तेल-पाण्याच्या सीमेवर येणारा. खडकाचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकासाठी दाब आणि सॅच्युरेशन काढायचं. दाब एकदम सोडवून सॅच्युरेशन मागून काढलं तर ती आयएमपीईएस पद्धत. दोन्ही एकत्र सोडवलं तर पूर्ण इम्प्लिसिट.

घट्ट, भेगाळ खडकात दुसरीच वापरा. भेगेतल्या इवल्या चौकोनातून एका टाइमस्टेपमध्ये, म्हणजे हिशेबाच्या एका वेळटप्प्यात, त्याच्या आकारमानाच्या शेकडोपट पाणी निघून जातं. आयएमपीईएसला ते पेलत नाही, टाइमस्टेप सेकंदांवर येतो. विहीर आणि तिचा चौकोन यांच्यातलं नातं पीसमनच्या १९७८ च्या सूत्रानं जोडतात. ते साध्या उभ्या विहिरीसाठी आहे. फ्रॅक केलेल्या (दाबानं भेगा पाडलेल्या) आडव्या विहिरीला तेच जसंच्या तसं लावू नका.

६. परीक्षेला बकली-लेव्हरेट होतं. ते पुरत नाही का?

१९४२ चं ते सूत्र अजूनही देखणं आहे. पाण्याचा पुढचा तोंडवळा कुठवर आला आणि त्यामागं किती तेल राहिलं हे कागद-पेन्सिलीनं सांगतं. पण त्यात केशिक दाब शून्य धरलाय, खडक एकसारखा धरलाय आणि भेग एकही नाही. टाइट साठ्यात या तिन्ही गोष्टी खोट्या ठरतात.

तरी त्याला फेकू नका. तुमचं मोठं मॉडेल एका मितीत आणा, केशिक दाब बंद करा, भेगा काढून टाका आणि उत्तर बकली-लेव्हरेटशी लावून पाहा. जुळलं नाही तर चूक तुमच्या मॉडेलमध्ये आहे. जुळलं पण तोंडवळा पसरट, मळकट दिसला तर चौकोन फार मोठे आहेत. ही तपासणी अर्ध्या दिवसाची आहे आणि ती टाळणारेच नंतर महिनाभर डोकं धरून बसतात.

७. पाणी सोडलं आणि काही दिवसांतच शेजारच्या विहिरीत पाणीच पाणी. मॉडेल तर म्हणत होतं कित्येक वर्षं लागतील. खोटं कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

दोन विहिरींत २०० मीटर अंतर आणि २०० बार दाबफरक धरा, म्हणजे मीटरला १ बार. खडक ०.०५ मिलिडार्सीचा, सच्छिद्रता १० टक्के, आणि छिद्रांतल्या ४० टक्के जागेतलं तेल हलणारं. पाण्याची व्हिस्कॉसिटी १ सेंटिपॉइज. डार्सी लावला तर तोंडवळा वर्षाला सुमारे चार मीटर सरकतो. २०० मीटरला पन्नास वर्षं. तेल-पाण्याची एकमेकांना होणारी अडवणूक यात धरलेलीच नाही.

आता त्याच खडकात इकडून तिकडं जाणारी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी उघडी एक भेग धरा. गुळगुळीत भेगेची पार्यता रुंदीच्या वर्गाला १२ नं भागून येते: सुमारे ८४० डार्सी. उतार तोच ठेवला तर पाणी २०० मीटर ४० मिनिटांत कापतं.

पन्नास वर्षं आणि चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात भेग खडबडीत असते, मध्येच मिटलेली असते, खनिजांनी भरलेली असते, दोन्ही काठांतून पाणी झिरपून जातं. त्यामुळं मिनिटांचे दिवस किंवा आठवडे होतात. पण वर्षं होत नाहीत. अथणीकडच्या भेगाळलेल्या काळ्या रानात उन्हाळ्याअखेर पहिलं पाणी सोडून बघा: ते भेगांतून सरळ खालच्या बांधाला निघतं आणि ढेकळं आतून कोरडीच राहतात.

मॉडेल करणारा बहुतेक वेळा काय करतो? विहीर-चाचणीतून आलेली एकच सरासरी पार्यता घेतो, समजा ०.५ मिलिडार्सी, आणि सगळ्या खडकाला लावतो. त्या सरासरीनं एकूण दर जुळतो. दाबही बराचसा जुळतो. पण ०.५ मिलिडार्सीचा खडक जमिनीत कुठंच नाही. तिथं एक आहे ०.०५ चा आणि एक आहे शेकडो डार्सीचा. पाणी पहिल्यातून जवळजवळ जात नाही, दुसऱ्यातून पळतं. सरासरी काढली की ही दरी नाहीशी होते आणि नेमकं ब्रेकथ्रूचं, म्हणजे पाणी उत्पादन-विहिरीत कधी पोचतं याचं, उत्तर त्या दरीतच असतं. माझं ठाम मत असं की टाइट साठ्याच्या मॉडेलला आधी दोनच प्रश्न विचारावेत: भेगेतून पाणी किती लवकर पोचतं, आणि भेगेतून दगडात किती सावकाश मुरतं? ज्या मॉडेलमध्ये या दोन वेळा वेगळ्या दिसत नाहीत त्याचे रंगीत नकाशे मीटिंगला चांगले दिसतात, एवढंच.

तेव्हा विहीर खोटं बोलत नाही.

८. मग भेगा मॉडेलमध्ये घालायच्या कशा? ड्युअल पोरोसिटी, डीएफएम, ईडीएफएम, नावंच फार आहेत.

भेगा दाट आणि सगळीकडं जोडलेल्या असतील तर ड्युअल पोरोसिटी. बारेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये आणि वॉरन-रूट यांनी १९६३ मध्ये मांडलेली ही कल्पना: प्रत्येक जागी दोन खडक, एक भेगांचा आणि एक मॅट्रिक्सचा, म्हणजे भेगांमधल्या दगडी ढेकळांचा, आणि दोघांत देवाणघेवाण. देवाणघेवाणीचा वेग शेप फॅक्टर, म्हणजे ढेकळांच्या आकारावरून येणारा आकडा, ठरवतो. अडचण अशी की त्यात ढेकळाच्या आतला दाब झटकन स्थिरावतो असं गृहीत आहे. घट्ट खडकात त्याला महिने, वर्षं लागतात. म्हणून सुरुवातीची देवाणघेवाण कमी दिसते. यावर उपाय म्हणजे ढेकळाचे आतल्या आत कांद्यासारखे थर पाडणं, ज्याला मिंक पद्धत म्हणतात.

भेगा मोजक्या आणि लांब असतील, किंवा विहिरीच्या फ्रॅकच्या असतील, तर त्या एकेक करून दाखवाव्या लागतात. डीएफएममध्ये (डिस्क्रीट फ्रॅक्चर मॉडेल) जाळी भेगेच्या कडेनं वळवतात. उत्तर अचूक, जाळी बनवताना घाम फुटतो. ईडीएफएममध्ये (एम्बेडेड डीएफएम) साधी चौकोनी जाळी तशीच ठेवून भेगेचं प्रतल त्यात खुपसतात आणि जोडण्या वेगळ्या लिहितात. विद्यार्थ्यानं प्रोजेक्टला ईडीएफएम घ्यावं. मात्र भेगेलगतचा चौकोन दहा मीटरचा ठेवला तर मुरण्याचा वेग चुकतो, तिथं जाळी बारीक कराच.

९. केशिक दाब वगळला तर चालतं का? रन लवकर संपतो.

टाइट खडकात अजिबात नाही. पाणओल्या खडकात, म्हणजे ज्याच्या अंगाला तेलापेक्षा पाणी जास्त धरतं त्यात, १० मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात केशिक दाब जेमतेम ०.०६ बार असतो, तो सोडून दिला तर कुणी विचारत नाही. छिद्र ०.१ मायक्रॉनचं झालं की तोच ६ बार होतो. प्रश्न ७ मधल्या उताराच्या हिशेबात ही सहा मीटरांची मजल झाली. भेगेतलं पाणी ढेकळात ओढून तेल बाहेर काढणारा जोर हाच आहे. तो बंद केला तर ढेकळातलं तेल मॉडेलमध्ये जवळपास अडकूनच राहतं.

मुरण्याचं अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतं, म्हणजे वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणं. पाच सेंटिमीटरच्या नमुन्याला दहा दिवस लागले तर एक मीटरच्या ढेकळाला चारशेपट, म्हणजे अकरा वर्षं. काही ठिकाणी पाणी भरून विहीर काही आठवडे बंद ठेवतात आणि मग त्याच विहिरीतून उत्पादन घेतात, त्यामागचं कारण हेच: मुरायला वेळ द्यायचा.

१०. थ्रेशोल्ड प्रेशर ग्रेडियंट घालायचा की नाही? दोन सरांनी दोन उत्तरं दिली.

दोन्ही सर आपापल्या परीनं बरोबर असतील. अत्यंत बारीक छिद्रांत उतार एका मर्यादेखाली गेला की प्रवाह थांबतो किंवा डार्सीपेक्षा कमी होतो, असं बऱ्याच प्रयोगांत दिसतं, विशेषतः चिनी संशोधनात. दुसरा गट म्हणतो की इतका मंद प्रवाह मोजतानाच्या चुका उंबरठ्यासारख्या दिसतात. माझा सल्ला: तो खडकाचा गुणधर्म म्हणून ठोकून न बसवता वेगळा रन म्हणून घ्या. मीटरला १ बार उतार असताना ०.३ बारचा उंबरठा धरला तर वेग तीस टक्क्यांनी घटतो. विहिरींच्या मधोमध उतार ०.२ बारवर आला तर तिथलं तेल हलतच नाही. विहिरी किती जवळ हव्यात हा निर्णय या एका आकड्यावर फिरत असेल, तर तो आकडा तुमच्याच खडकावर मोजून घ्या. पुस्तकातून उचलू नका.

११. इंजेक्शनचा दाब वाढवला आणि एकदम पाणी जास्त जायला लागलं. चांगलं लक्षण ना?

घाई करू नका. दाब खडकाच्या भेगा मिटवणाऱ्या ताणापुढं गेला की मिटलेल्या भेगा उघडतात, लांबतात. चीनच्या ऑर्डोस खोऱ्यात हा अनुभव पुष्कळ विहिरींना आला आहे. ओळखायला हॉल प्लॉट काढा: उभ्या अक्षावर दाब गुणिले वेळ यांची चालती बेरीज, आडव्यावर आत गेलेलं एकूण पाणी. रेघ सपाट व्हायला लागली तर भेग उघडतेय, चढी झाली तर विहिरीचं तोंड बुजतंय. मॉडेलमध्ये भेगेची पार्यता दाबाबरोबर बदलती ठेवा, आणि दाब कमी झाल्यावर ती मूळच्या वाटेनं परत येत नाही हेही घाला. नाहीतर मॉडेल सांगेल की दाब कमी केला की सगळं पूर्ववत होईल.

१२. आमच्या बोअरला हायड्रोफ्रॅक्चरिंग केलं होतं. तेच का हे?

तत्त्व तेच, प्रमाण वेगळं. बोअरमध्ये पॅकर (बोअरचा तो भाग बंद करणारं बूच) लावून पाण्याच्या दाबानं कठीण दगडातल्या आधीच्या भेगा उघडतात, धुतात. तेलाच्या विहिरीत हजारो मीटर खोलीवर नव्या भेगा पाडून त्या मिटू नयेत म्हणून वाळू भरतात. प्रश्न ११ मधल्या भेगा मात्र कुणी ठरवून पाडलेल्या नसतात.

१३. इकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो आणि तिकडं पाणी जमिनीत घालवतात?

रास्त प्रश्न. जमिनीवर बहुतेक ठिकाणी तेलाबरोबर वर आलेलं खारं पाणीच साफ करून परत सोडतात. तसंही ते शेताला किंवा पिण्याला चालण्याजोगं नसतं. टाइट खडकात ते गाळणं जिकिरीचं होतं, कारण छिद्रांची तोंडं मायक्रॉनहून बारीक असतात आणि बारीकसा गाळही ती बुजवतो. पाणी फार गोडं असलं तर स्मेक्टाइटसारखी माती फुगते. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातलं बेरियम भेटलं की दगडासारखा थर बसतो. प्रवाहाच्या मॉडेलला यातलं काही कळत नाही, त्यासाठी विहिरीभोवती स्किनचा आकडा (विहिरीलगत प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचं माप) वेळेनुसार बदलावा लागतो.

१४. हिस्टरी मॅच झकास बसली. आता पुढचा अंदाज पक्का?

हिस्टरी मॅच म्हणजे मॉडेलचं उत्तर आजवरच्या प्रत्यक्ष नोंदींशी जुळवणं, आणि एक मॅच म्हणजे काहीच नाही. भेगा लांब आणि मॅट्रिक्स फार घट्ट, किंवा भेगा आखूड आणि मॅट्रिक्स जरा बरा: दोन्ही मॉडेलं तीन वर्षांच्या तेलदराला सारखीच जुळतील आणि दहाव्या वर्षी वेगळं बोलतील. फक्त तेलाचा दर जुळवू नका. पाण्याचं प्रमाण, तळाचा दाब आणि शक्य असेल तर ट्रेसर (पाण्याबरोबर सोडलेलं ओळखीचं रसायन) पोचल्याची तारीख, हे सगळं जुळतंय का पाहा. जुळणारी निदान पाच-सात वेगळी मॉडेलं ठेवा आणि साहेबाला एक आकडा न देता पट्टा द्या. साहेब एकच आकडा मागेल, तरीही.

१५. सॉफ्टवेअरची किंमत लाखांत आहे. गावात बसून सराव कसा करायचा?

फुकटात चांगलं मिळतं. नॉर्वेच्या सिंटेफ संस्थेचं एमआरएसटी मॅटलॅबवर चालतं, कोड उघडा आहे, ईडीएफएमची जोड आहे. ओपीएम फ्लो लिनक्सवर चालतं आणि नेहमीच्या इनपुट फायली वाचतं. सरावाला एसपीई-१० या तुलनेसाठीच्या प्रसिद्ध नमुना-साठ्याचा डेटा घ्या. तो ६० गुणिले २२० गुणिले ८५, म्हणजे ११,२२,००० चौकोनांचा आहे. जुन्या लॅपटॉपवर सगळा उघडायला जाऊ नका, एकच थर घ्या.

१६. खडक पाणओला नसून तेलओला असेल तर?

तर प्रश्न ९ उलटा वाचा. केशिक दाब ऋण होतो, पाणी ढेकळात आपणहून शिरत नाही, भेगेतूनच वाहून जातं. विहीर बंद ठेवून वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) घालून खडकाचा स्वभाव बदलणं किंवा पाण्याऐवजी गॅस, हे पर्याय येतात. पुष्कळ टाइट खडक मिश्र असतात, काही छिद्रं पाणओली, काही तेलओली. संपर्ककोन एकाच गुळगुळीत पृष्ठभागावर मोजून समाधान मानू नका, मुरण्याचा प्रयोग दोन्ही दिशांनी करा.

१७. दाब बबल पॉइंटखाली गेल्यावर पाणी सुरू केलं तर मॉडेलमध्ये काय बदलतं?

बरंच. बबल पॉइंट म्हणजे ज्या दाबाखाली तेलात विरघळलेला गॅस सुटायला लागतो तो दाब. तेलातून सुटलेला गॅस छिद्रांत जागा धरून बसतो, उरलेलं तेल जड आणि चिकट होतं. आता सोडलेलं पाणी आधी ती गॅसची जागा भरतं, आणि तोवर शेजारच्या विहिरीला काहीच जाणवत नाही. दोन फेजचं मॉडेल इथं निकामी आहे, तेल, पाणी आणि गॅस अशा तीन फेजचं ब्लॅक ऑइल मॉडेल लागतं. दाब पुन्हा वाढला की गॅस विरघळतो, पण जिथं तो तेलाला लागून उरलाय तिथंच. म्हणून बबल पॉइंट प्रत्येक चौकोनात वेगळा आणि बदलता ठेवा. दाब उतरताना मिटलेली छिद्रं नंतर पूर्ण उघडत नाहीत, तेही घाला. चीनच्या चांगछिंग क्षेत्रात काही ठिकाणी उत्पादनाच्या आधीच पाणी सोडायला सुरुवात करतात, ती दाब इतका खाली जाऊच नये म्हणून. तुमच्या मॉडेलमध्ये इंजेक्शनची तारीख सहा-सहा महिन्यांनी मागंपुढं करून चार रन घ्या. घट्ट खडकात त्या तारखेचा परिणाम बऱ्याचदा इंजेक्शनच्या दरापेक्षा मोठा निघतो.